एडीएचडी असलेल्या मुलाला सांगायचं कसं आणि कधी

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणं. एडीएचडी असलेल्या मुलाला काय करायचं हे बहुतेक वेळा माहीत असतं. दात घासायचे, वही दप्तरात टाकायची, समोरच्याचं बोलणं संपू द्यायचं, विचारा त्याला, सगळं नीट सांगेल. घोडं अडतं ते ऐन वेळी. म्हणून रात्री तासभर समजावलेलं सकाळी पार विसरलेलं असतं आणि घरातले म्हणतात की हा मुद्दाम करतो. मुद्दाम नाही करत हो. २००७ साली अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थच्या संशोधकांनी मेंदूचे स्कॅन तपासले तेव्हा दिसलं की या मुलांच्या मेंदूचा बाहेरचा थर परिपक्व व्हायला साधारण ३ वर्षं जास्त लागतात, आणि सगळ्यात जास्त उशीर पुढच्या भागात, जिथून लक्ष आणि स्वतःवरचा ताबा चालतो. बुद्धी वयाप्रमाणेच असते, ताबा मात्र धाकट्या भावंडाएवढा.

मग करायचं काय, तर मदत त्या जागी आणि त्याच क्षणी पोचवायची. आधी लेक्चर नको, नंतर तर अजिबात नको.

सकाळचंच घ्या. "चल, तयार हो" हे आपल्याला एक काम वाटतं, त्याच्यासाठी ती सहा-सात कामं असतात आणि दुसऱ्यावरच तो खिडकीत जाऊन उभा राहतो. स्वयंपाकघरातून ओरडू नका, उठून जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, नाव घ्या, त्याने बघितलं की एकच गोष्ट सांगा, "मोजे घाल." "घालशील का?" असं विचारू नका, कारण प्रश्न विचारला की "नाही" हेही उत्तर येतंच. सांगून झालं की गप्प बसा, हे सगळ्यात अवघड आहे कारण तोंडातून लगेच पुढचं वाक्य बाहेर पडतं आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागतं. पहिला मोजा चढेपर्यंत तिथेच थांबा आणि चढला की लगेच म्हणा, "सांगितल्याबरोबर घातलास, छान." नुसतं "गुड बॉय" नको, काय चांगलं केलं ते कळलं पाहिजे.

कामांची यादी लावायची तर बाथरूमचं काम बाथरूमच्या आरशावर, दप्तराचं दप्तर ठेवतो तिथे, वाचता येत नसेल तर चित्रं काढा. आणि काही आठवड्यांनी ती यादी त्याला दिसेनाशी होते, तेव्हा यादी फसली असं समजू नका, रंग बदला, जागा बदला, परत चालते.

"दहा मिनिटात आवर" याचा या मुलांना काही अंदाज येत नाही. वेळ डोळ्यांना दिसायला हवी, वाळूचं घड्याळ किंवा कमी होत जाणारा रंग दाखवणारा टायमर ठेवा. अभ्यासालाही तेच, थोडा वेळ अभ्यास मग उठून हालचाल, गणितं सोडवताना खालची गणितं कोऱ्या कागदाने झाका म्हणजे पूर्ण पान बघून दडपण येत नाही. उभं राहून लिहितोय तर लिहू दे ना.

बक्षीस आजचं आजच द्या. परीक्षेनंतर सायकल घेऊ हे त्याच्यासाठी फार लांब आहे, रोजचे पॉइंट आणि संध्याकाळी त्या बदल्यात जास्तीचा खेळ हे कितीतरी बरं. कमावलेले पॉइंट रागात कापू नका, माझं स्पष्ट मत आहे, मूल पॉइंट कमवायचंच सोडून देतं. शिक्षा म्हणून मैदान बंद करणंही चुकीचं, हालचालीची गरज यांनाच तर जास्त असते.

भडका उडाला की कमी बोला, आवाज खाली, लागेल असं काही आसपास असेल तर उचला, बाकी सगळं तो शांत झाल्यावर, तेही दोन वाक्यांत.

हे करताना निदान नीट झालंय ना बघा. लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून, किमान ६ महिने, आणि घर-शाळा अशी एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसावी लागतात. कमी झोप, कमी ऐकू येणं, चिंता यांनीही मूल असंच वागू शकतं. मुलींचं तर फार राहून जातं, कारण दंगा न करता नुसतं हरवून बसणं हासुद्धा एडीएचडीच असू शकतो. ६ वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांनाच वागणूक हाताळायचं ट्रेनिंग देतात, पुढे डॉक्टर मिथाइलफेनिडेटसारखं औषध सुचवतील, त्याने कित्येकांना खरंच फरक पडतो. भूक आणि झोप कमी होऊ शकते म्हणून खाणं गोळीच्या आधी, वजन-उंची नियमित मोजायची, आणि डोस स्वतःच्या मनाने कमी-जास्त करायचा नाही.

अजून एक, हे घराण्यात चालत येतं. तुमच्याही चाव्या रोज हरवत असतील, कामं अर्धवट राहत असतील तर त्याच डॉक्टरांना स्वतःबद्दलही विचारा.