वाडीतली बिडी सोडवायची तर

मी आशा सेविका. बिडी सोडवायचं काम आम्ही पारावरूनच सुरू केलं, कारण ती पेटते तिथेच. उपदेश नको. आधी विचारा, दिवसातली पहिली बिडी कधी? उठल्या उठल्या लागत असेल तर त्याला डॉक्टरांकडे न्या. तिथे नुसता निर्धार कमी पडतो.

तारीख त्यालाच ठरवू द्या. आदल्या रात्री बंडल आणि काडेपेटी घराबाहेर. पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप उडते. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ सोबत हवी. आमचे एक काका पहाटे धार काढायच्या आधी गोठ्यात हमखास पेटवायचे. शेजारचा पोरगा महिनाभर त्या वेळी जाऊन बसला, वासराला धरायला म्हणून. काकांच्या खिशात आता लवंगांची पुडी असते.

बिडीऐवजी तंबाखू मळायला लागला, तर ते सुटणं नव्हे. १८००-११-२३५६ हा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर पारामागच्या भिंतीवर रंगवून घ्या.

कुणी पुन्हा ओढली तर चारचौघांत विषय काढू नका. दुसऱ्या दिवशी घरी जा, नवी तारीख विचारा.