एकटीने मुंबई: आधी बघणं, मग कापड

एकटं जायचं तर बॅग आधी सीएसएमटी स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका. बॅगेला कुलूप आणि जवळ तिकीट हवं, नाहीतर घेत नाहीत. १८८७ची ती इमारत समोरच्या फुटपाथवरून मान वर करून निवांत बघा. मग काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरीत फुकट शिरता येतं. सोमवारी एलिफंटा बंद, तेव्हा गेटवेला लाँचसाठी धावू नका.

खरेदी शेवटी, नाहीतर दिवसभर हमाली. माझं ठिकाण एकच, क्रॉफर्ड मार्केटजवळचं कापडाचं मंगळदास मार्केट. रविवारी बंद. गल्ल्या अरुंद, म्हणून सॅक पाठीवर नको, पोटावर घ्या. भाव विचारण्याआधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा: छत्तीस इंची स्वस्त वाटतं, पण कुडत्याला कापड जास्त लागतं. गडद रंगावर ओला रुमाल घासून रंग जातो का बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. मापं घरूनच लिहून न्या, तिथे "अंदाजे अडीच मीटर" म्हणालात की तीन गळ्यात पडतात. तयार कपड्यांसाठी फॅशन स्ट्रीटला गेलात, तर मात्र निम्म्यापासून घासाघीस सुरू करा. परतीची लोकल संध्याकाळी पाचच्या आत पकडा, आणि लेडीज डब्यातच चढा.