वाळूवरच्या मिश्र व्हॉलीबॉल लीगमध्ये उतरताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात व्हॉलीबॉल कुणाला मुद्दाम शिकवावा लागत नाही. शाळेचं मैदान, दोन खांब आणि एक जाळं एवढ्यावर इथं पिढ्या खेळल्या. अडचण तिथेच आहे. मातीवर वर्षानुवर्षं खेळलेला गडी वाळूवर उतरला की जुन्याच सवयींनी खेळतो, दमतो आणि पॉइंट सोडतो. त्यात लीग बायका-पुरुषांची मिश्र असेल, तर हरण्याची अर्धी तयारी नाव नोंदवतानाच झालेली असते. म्हणून सुरुवात नोंदणीपासून.

नियमपत्रक न वाचता फी भरणं

"वाळूवरचं व्हॉलीबॉल" या एका नावाखाली तीन वेगळे खेळ चालतात: दोन-दोनचा, चार-चारचा आणि सहा-सहाचा. आंतरराष्ट्रीय बीच व्हॉलीबॉल दोन-दोनचा. त्याचं कोर्ट 16 × 8 मीटर, म्हणजे मातीवरच्या 18 × 9 पेक्षा लहान. सेट 21 चा, तिसरा 15 चा, दोन पॉइंटची आघाडी हवीच. पहिल्या दोन सेटमध्ये दर 7 पॉइंटला बाजू बदलतात, तिसऱ्यात दर 5 ला. हौशी लीग यातलं सोयीचं तेवढं उचलतात आणि बाकी स्वतः ठरवतात. त्यामुळे आयोजकाला हे प्रश्न आधीच विचारा:

- एका बाजूला किती खेळाडू, आणि त्यात किमान किती महिला?
- नेटची उंची किती? पुरुषांची 2.43 मीटर, महिलांची 2.24. मिश्र लीगमध्ये कुठे 2.43, कुठे 2.24, तर कुठे मधलीच एखादी असते. 2.24 असेल तर पुरुषांना नेटपासून 3 मीटरच्या मागूनच स्मॅशची परवानगी असू शकते.
- बॉलला एकापेक्षा जास्त टच झाले तर त्यात एका महिलेचा टच सक्तीचा आहे का? आणि ब्लॉकचा (नेटवर हात उंचावून बॉल अडवण्याचा) हात त्यात धरतात का?
- एखादी खेळाडू आली नाही तर कमी माणसांवर खेळता येतं, की मॅच सोडावी लागते?
- यादीबाहेरचा बदली खेळाडू चालतो का?

शेवटच्या दोन प्रश्नांवरून भांडणं सर्वांत जास्त होतात. ऐनवेळी कुणाच्या तरी वहिनीला उभं करून मॅच जिंकायची आणि नंतर निकाल रद्द झाला की आयोजकाला बोलायचं, यात अर्थ नाही.

यादी मोजून-मापून भरणं

चार-चारच्या लीगमध्ये दोन महिलांची अट असेल, तर यादीत दोन किंवा तीन महिला पुरत नाहीत. चार महिला आणि चार पुरुष घ्या. सहा-सहाला तीनची अट असेल तर पाच महिला तरी हव्यात. पुरुष मिळतातच. मॅच सुटते ती महिला खेळाडूंचा आकडा एकाने कमी पडल्यामुळे.

तारखा बघूनच यादी करा. मार्चमध्ये एसएसएलसी आणि पीयूसीच्या (दहावी-बारावीच्या) परीक्षा, एप्रिल-मेमध्ये लग्नसराई, वैशाखात बेळगावची शिवजयंती आणि चित्ररथ मिरवणूक. मंडळातली पोरं त्या आठवड्यात मैदानावर येणार नाहीत हे धरूनच चला. साखर कारखान्यात शिफ्टला असलेल्यांचा गळीत हंगाम उरकेपर्यंत भरवसा नाही. विधिमंडळाचं अधिवेशन सुरू असेल तेव्हा सुवर्ण विधानसौधकडच्या हायवेवर बंदोबस्त असतो, तिकडून येणाऱ्यांना अर्धा तास आधी निघायला सांगा.

मॅचची वेळ हा तर मिश्र टीमचा कणाच आहे. रात्री साडेआठचा स्लॉट स्वस्त मिळतो म्हणून घेतला, की खानापूर किंवा निपाणीकडून बसने येणाऱ्या मुली दुसऱ्या आठवड्यात गळतात. संध्याकाळी साडेपाच-सहाचा किंवा रविवारी सकाळचा स्लॉट मागा. बायकांसाठी कपडे बदलायची खोली आणि स्वच्छ संडास आहे का, हे जाऊन बघा. फोनवर सगळेच "आहे" म्हणतात. कपड्यांचा प्रश्नही आधीच मोकळेपणाने सोडवा. हौशी लीगमध्ये ट्रॅकपँट, लेगिंग, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, सगळं चालतं. ही गोष्ट कुणी सांगत नाही आणि चांगल्या खेळणाऱ्या मुली नावच देत नाहीत.

कोर्ट न बघता हो म्हणणं

वाळूचा थर किमान 40 सेंटिमीटर हवा. लांब सळीला 40 सेमीवर खूण करून चार-पाच जागी खुपसा, विशेषतः नेटखाली आणि सर्व्हिसच्या जागी. आयोजक किती ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) वाळू टाकली ते अभिमानाने सांगतो, तो हिशेब करून बघा. 16 × 8 च्या कोर्टाभोवती 3 मीटर मोकळी जागा धरली की 22 × 14 मीटर होतं. त्यावर 40 सेमीचा थर म्हणजे 123 घनमीटर, सुमारे 44 ब्रास. पंधरा ब्रासमध्ये जेमतेम 14 सेमी भरतं. त्यावर डाइव्ह मारली तर खालच्या मुरमावर गुडघा फुटतो.

वाळू कसली आहे तेही बघा. नदीची वाळू सहज मिळत नाही, म्हणून बरेच जण बांधकामाची एम-सँड टाकतात. ती दगड फोडून केलेली असते. कण टोकदार, त्यात दगडाची पूड. पाणी पडलं की ती दबून घट्ट बसते आणि कोपर सोलवटते. धुतलेली, गोलसर कणांची वाळू हवी. पारदर्शक बाटलीत मूठभर वाळू आणि पाणी घालून हलवा. पाच मिनिटांनीही पाणी गढूळच असेल तर त्यात माती किंवा पूड जास्त आहे. अथणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीवर मध्ये जाड कापडाचा थर आणि खडी न घालता थेट वाळू ओतली असेल, तर एका पावसाळ्यात दोन्ही एक होतात. तिथं पुढच्या हंगामाची फी आगाऊ देऊ नका.

खांब साइडलाइनपासून 70 सेमी ते 1 मीटर बाहेर आणि गादी गुंडाळलेले असावेत. ताण देणाऱ्या तारा आणि लोखंडी खुंट्या हा आपल्याकडचा जुना रोग. वाळूवर लोक उड्या टाकतात, त्यामुळे तिथं खुंटी चालत नाही. रेषा 5 सेमी रुंद पट्टीच्या हव्यात, टोकं वाळूत पुरलेल्या मऊ अँकरला बांधलेली. फक्की मारलेली असेल तर ती पहिल्या सेटमध्येच पुसली जाते आणि चुना डोळ्यात जातो.

रात्री कोर्ट ताडपत्रीने झाकतात का, हा प्रश्न विचित्र वाटला तरी विचारा. उघडी वाळू भटक्या कुत्र्या-मांजरांना आवडते आणि त्यांच्या विष्ठेतून येणारे कृमी अनवाणी पायाच्या कातडीत शिरू शकतात. पायाच्या भेगा, कापलेली जागा टेप लावून झाकूनच उतरा.

मातीवरचा बॉल वाळूवर आणणं

वजन दोन्हींचं सारखंच, 260 ते 280 ग्रॅम. फरक हवेत आणि बांधणीत आहे. बीचचा बॉल शिवलेला, घेर थोडा मोठा (66 ते 68 सेमी), दाब कमी: 0.175 ते 0.225 किलो प्रति चौरस सेमी, म्हणजे गेजवर साधारण 2.5 ते 3.2 पीएसआय. इनडोअर बॉल 4.3 ते 4.6 वर भरतात. सायकलच्या पंपाने टणक भरलेला बॉल हाताला आग लावतो आणि अंडरहँडवरून उडून जातो. भरताना सुई ओली करा, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो. एप्रिलच्या उन्हात दाब वाढतो, म्हणून दाब मॅचच्या जागीच तपासा.

पायांना वाळूची सवय न लावणं

वाळू पाय ढकलू देत नाही, बराच जोर खाते. मातीवरचा लांब पल्ल्याचा रनअप घेतला की शेवटच्या पावलाला पाय रुततो आणि माणूस वर न जाता पुढे, नेटमध्ये जातो. रनअप आखूड करा, शेवटची दोन पावलं जवळ-जवळ टाका आणि सरळ वर उडा. निघायचंही उशिरा, लिफ्ट (स्मॅशसाठी उंच दिलेला बॉल) हातातून सुटून वर चढायला लागल्यावर. लवकर पोचलात तर बॉलखाली थांबून उडी मारावी लागते आणि वाळूवर थांबून मारलेली उडी फार कमी भरते. लिफ्टरनेही बॉल नेटला चिकटवू नये. नेटपासून पाऊण मीटर आत ठेवला तर स्मॅशरला सावरायला जागा मिळते.

बूट नकोत. वाळू तापली तर जाड मोजे किंवा वाळूसाठी मिळणारे खास मोजे घाला. पिंढऱ्या आणि टाचेमागची शीर पहिल्या आठवड्यात हमखास भरून येते. लीगच्या दोन आठवडे आधीपासून एक दिवसाआड वीस-तीस मिनिटं वाळूवर खेळलात तर ती पहिल्या मॅचला दगा देत नाही. अंगठी, कडं, बांगड्या काढून ठेवा, अंगठी नेटमध्ये अडकली तर बोट जातं. मंगळसूत्र काढायचं नसेल तर कातडीला टेपने चिकटवून टीशर्टच्या आत घ्या.

हातच्या चुका: टिप, बोटं आणि ब्लॉक

बीचच्या नियमात उघड्या बोटांनी टिप टाकणं फाऊल आहे. नेटपलीकडे हळू टाकायचं असेल तर मुडपलेल्या बोटांच्या पेरांनी किंवा ताठ, जुळवलेल्या बोटांनी ढकला. अपरहँडने बॉल पलीकडे द्यायचा तर खांद्याच्या समोर किंवा थेट मागे, तिरका नाही. डबलवर (एकाच खेळाडूचा बॉलला लागोपाठ दोनदा स्पर्श) पंच कडक असतात, म्हणून हात पक्के नसतील तर लिफ्ट अंडरहँडने द्या. दिसायला साधी वाटते, पण पॉइंट जात नाही. सर्व्हिस बोटांनी घ्यायच्या भानगडीत पडू नका.

ब्लॉकला लागलेला हात बीचवर पहिला टच धरतात. मग तुमच्याकडे दोनच उरतात. मातीवरच्या सवयीने चौथा टच मारणारे प्रत्येक लीगमध्ये दिसतात. शूटिंगबॉलमधून आलेल्यांची सवय वेगळी: पहिलाच बॉल दोन्ही हातांनी थेट पलीकडे. फाऊल नाही, पण समोरच्यांना फुकटचा बॉल मिळतो.

बाईचा बॉल ओढणं

मिश्र टीम मोडते ती इथं. सर्व्हिस तिच्याकडे येते, बाजूचा गडी "माझा" म्हणत आडवा घुसतो, बॉल कसाबसा उचलतो, आणि त्याची स्वतःची बाजू मोकळी पडते. समोरची टीम दोन सर्व्हिसमध्ये हे ओळखते आणि पुढची सर्व्हिस त्या मोकळ्या जागेत टाकते. शिवाय तिला मॅचभर चार बॉल मिळतात. पाचवा नेमका महत्त्वाचा असतो आणि तेव्हा हात थंड असतात.

आठ मीटर रुंदीत रिसिव्हला दोघं असतील तर प्रत्येकी चार मीटर, वाळूवर पायाने रेघ ओढून ठरवा. मधला बॉल सर्व्हिस करणाऱ्याच्या तिरक्या बाजूला उभा असलेल्याचा, मग ती बाई असो वा पुरुष. सरावात महिलांना रिसिव्ह जास्त द्या, कारण मॅचमध्ये सर्व्हिस त्यांच्यावरच येणार.

महिला-टचचा नियम असेल तर दुसरा टच शक्यतो महिलेचा ठेवा, म्हणजे रॅलीच्या धांदलीत मोजावं लागत नाही. तरी तिला कायमची लिफ्टर करून टाकणं हा आळस आहे. 2.24 च्या नेटवर कितीतरी मुली पुरुषांपेक्षा नेमकं मारतात.

हाका आधी ठरवा. एका टीममध्ये मराठी, कन्नड, कोकणी बोलणारे असतात. एक "सोड" म्हणतो, दुसरी "बिडु" (कन्नडमध्ये "सोड"), तिसरा "नंदु" ("माझा"), आणि बॉल मध्ये पडतो. दोनच हाका पुरतात, एक घेण्याची, एक सोडण्याची. सर्व्हिसचा क्रमही कागदावर लिहून खिशात ठेवा, चुकीच्या पाळीला सर्व्हिस केली की पॉइंट जातो.

मॅच चालू असताना बिघडलं तर

सगळ्या सर्व्हिस बाहेर जात असतील तर वारा पाठीमागून आहे. बॉल खाली धरून हळू, सपाट मारा. आखूड पडत असतील तर वारा समोरून आहे. तो सर्व्हिस करणाऱ्याला खरं तर फायद्याचा, जोराने मारलेला बॉल एकदम खाली बसतो. खानापूर-बेळगावकडे उन्हाळ्यात संध्याकाळी पश्चिमेचा वारा असतोच, टॉस जिंकला तर आधी त्याची दिशा बघा. कोर्ट पूर्व-पश्चिम असेल तर सूर्यही.

दुसऱ्या सेटनंतर नेट अचानक उंच वाटायला लागलं, तर बहुतेक वेळा नेट तेवढंच असतं, खाली पायांनी खड्डा झालेला असतो. दाताळ्याने वाळू मध्ये ओढा आणि मधोमध काठीने उंची मोजा. उलट नेट मध्ये झोळ पडलं असेल तर वरची दोरी खांबाला पुन्हा ताणा.

डोळ्यात वाळू गेली तर चोळू नका, खेळ थांबवून स्वच्छ पाण्याने धुवा. त्यासाठी पाण्याची एक बाटली वेगळीच ठेवा, पिण्याची संपलेली असते.

एप्रिल-मेमध्ये वळीव सांगून येत नाही. गडगडाट ऐकू आला की स्कोर काहीही असो, लोखंडी खांबांपासून दूर, पक्क्या छताखाली जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पाऊस थांबल्यावर ओली वाळू घट्ट असते, पाय कमी रुततात, उडी बरी लागते, पण डाइव्ह मारताना अंगाला जास्त मार बसतो. शिवलेला बॉल पाणी पिऊन जड होतो, म्हणून दुसरा कोरडा बॉल पिशवीत ठेवा. भिजलेला सावलीत सुकवा, उन्हात त्याची शिवण उसवते.