कविता वाचताना या चुका टाळा: आधी चित्र बघा, अर्थ मागाहून

बालदिन आला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी ‘लहानपण देगा देवा’ हमखास टाकतं, सोबत पतंग उडवणाऱ्या पोराचं चित्र. तुकोबांनी बालपण परत मागितलंय अशी बऱ्याच जणांची पक्की समजूत. पुढे दोन पावलं वाचलं तरी ती सुटते: ‘मुंगी साखरेचा रवा। ऐरावत रत्न थोर। त्यासी अंकुशाचा मार॥’ मुंगीला साखर, हत्तीला अंकुश. म्हणजे इथे लहानपण हे वयाचं नाही, नम्रतेचं. जुन्या कवितेत ओळखीचा शब्दच जास्त फसवतो. अनोळखी शब्दासाठी आपण निदान शब्दकोश तरी उघडतो.

लालबागला मी दहावीच्या मुलांची शिकवणी घेते. रसग्रहणाच्या उत्तरांत चुका तऱ्हेतऱ्हेच्या, पण मूळ बहुतेक एकच: चित्र न बघता थेट भावार्थावर उडी.

बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. जेमतेम आठ ओळी. “कशाबद्दल आहे?” असं विचारलं. एकजण म्हणाला, “भक्तीबद्दल. औदुंबर म्हणजे दत्तगुरू.” एक मुलगी म्हणाली, “निसर्ग.” मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, काळा डोह म्हणजे नाल्यासारखं पाणी का?” वर्ग हसला. मला काही हसू आलं नाही. मिठी नदी बघत वाढलेल्या पोराला काळं पाणी म्हटल्यावर दुसरं काय दिसणार? निदान त्याला काहीतरी दिसलं तरी होतं. दत्तगुरूवाल्याने झाडाकडे पाहिलंच नव्हतं.

मग फळ्यावर फक्त रंग लिहायला लावले. हिरवाळी, निळासांवळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. यादी खाली आली तशी मुलंच म्हणाली, बाई, हे तर अंधारत चाललंय. त्यानंतर नजर कुठून कुठे जाते ते: झरा, गाव, शेतं, पायवाट, डोह, झाड. ‘पायवाट पांढरी तयांतुन अडवीतिडवी पडे, हिरव्या कुरणामधुन चालली काळ्या डोहाकडे.’ हा काळा घाणीचा नाही, खोलीचा आणि सावलीचा; ‘झाकळुनी’ (म्हणजे झाकोळून, अंधारून) हा शब्द ते सांगतो. शिवाय कवी त्याला ‘गोड काळिमा’ म्हणतो. नाल्याला कोण गोड म्हणेल?

शेवटी ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’. इथे सगळे ‘चेतनगुणोक्ती’ (माणूस नसलेल्याला माणसासारखं वागवणारा अलंकार) लिहून मोकळे होतात. नाव बरोबर आहे, काम अर्धं. पुन्हा वर जाऊन माणसं मोजा. घरं आहेत, शेतं आहेत, वाट आहे. माणूस एकही दिसत नाही. साऱ्या कवितेत माणसासारखं बसलेलं कोण, तर ते झाड. अलंकार कुठला हे ओळखल्यावर तो इथेच का आला, हा प्रश्न उरतोच.

‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा, ‘सम’ दिसला की उपमा, ही युक्ती परीक्षेपुरती चालते. ‘परी’ मात्र दगा देतो: कधी त्याचा अर्थ ‘सारखा’, कधी नुसता ‘पण’. आणि बहिणाबाईंच्या ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’मध्ये असला शब्दच नाही, मन थेट ढोरच झालंय, ते रूपक. खात्री करायची तर उपमान, म्हणजे ज्याची उपमा दिलीय ती गोष्ट, बदलून बघा. ढोराच्या जागी वारा घातला तर चंचलपणा राहील, पण भूक आणि हाकललं तरी पुन्हा पिकावर येण्याची खोड जाईल. (वारा त्यांनी पुढच्या ओळींत वेगळ्या कामाला ठेवलाय.)

कवितेतला ‘मी’ म्हणजे कवीच, असंही धरून चालू नका. ज्ञानेश्वरांच्या विराणीत, म्हणजे विरहगीतात, ‘चंदनाची चोळी, माझे सर्व अंग पोळी’ म्हणणारी विरहिणी आहे. एका उत्तरात मी वाचलंय, ‘संत ज्ञानेश्वरांना चंदनाची अ‍ॅलर्जी होती.’ थंडावा देणारी गोष्ट पोळते, यातच तिची सगळी तगमग आहे.

राहिला आशय. ‘निसर्ग’, ‘भक्ती’, ‘देशप्रेम’ हे विषय झाले. आशय क्रियापदासकट पूर्ण वाक्यात लिहा, आणि कवितेची शेवटची ओळ त्या वाक्यात बसते का ते बघा. बसत नसेल तर वाक्य खोडा. ‘यातून आपल्याला असा संदेश मिळतो की’ हे तर मी न वाचताच खोडते.

‘निसर्ग’ म्हणणाऱ्या मुलीने पुढच्या आठवड्यात लिहून आणलं: ‘वाट शेतातुन निघते आणी डोहाशी पोचते, तिथे कुणीतरी आधीच येऊन बसलेलं आहे.’ मी दोनदा वाचलं. मग शुद्धलेखनाचा अर्धा गुण कापला.