टाइम स्टेप लहान केल्याने कपलिंग सावरत नाही
यवतमाळ जिल्ह्यातील माझ्या गावच्या पाझर तलावाची पाळ काळ्या मातीवर उभी आहे, आणि भरावाच्या भाराने ती माती किती व कधीपर्यंत खचेल, हा विषय मी एम.टेक.च्या प्रबंधासाठी घेतला. माती खचणे आणि तिच्या छिद्रांतील पाण्याचा दाब एकमेकांवर अवलंबून असतात; हेच कपलिंग, आणि त्याची जोडसमीकरणे बियो यांनी 1941 साली मांडली. मी मातीच्या विरूपणासाठी फायनाइट एलिमेंट आणि पाण्याच्या प्रवाहासाठी फायनाइट व्हॉल्यूम (दोन्ही क्षेत्राचे लहान तुकडे करून समीकरणे सोडवण्याच्या पद्धती) असे दोन कोड लिहिले व ते आळीपाळीने चालवले: आधी दाब गोठवून विरूपण काढायचे, मग विरूपण गोठवून दाब काढायचा.

यात माझे पाच महिने गेले. दर फेरीला दाब एकदा धन, एकदा ऋण असा उसळत वाढत असे आणि मी टाइम स्टेप, म्हणजे गणितातला वेळेचा एक टप्पा, निम्मा करीत असे, कारण गणित फुटले की स्टेप लहान करायचा, एवढेच मला माहीत होते. शेवटी एका सीनियरने मला कागदावर एकच गुणोत्तर मांडायला लावले. पाण्याचा बल्क मॉड्युलस (दाबाने आकारमान घटण्यास होणारा विरोध) सुमारे 2.2 गिगापास्कल, सच्छिद्रता (मातीतील छिद्रांचा वाटा) 0.5 धरली, तर छिद्रांतील पाण्याचा कडकपणा 4.4 गिगापास्कल येतो. मऊ मातीच्या कणांच्या सांगाड्याचा कडकपणा 5 मेगापास्कल धरला, तर गुणोत्तर 880 होते, आणि माझी पद्धत भरवशाने टिकायला ते 1 पेक्षा कमी हवे. या गुणोत्तरात टाइम स्टेप कुठेच नाही. उलट स्टेप जितका लहान, तितके पाणी कमी निचरते आणि चूक दर फेरीला जवळजवळ 880 पटींनी वाढते. म्हणून कोड लिहिण्याआधी हा आकडा काढाच.

घाबरण्याचे मात्र कारण नाही. प्रवाह सोडवताना विरूपणाऐवजी सरासरी एकूण ताण स्थिर धरावा. त्यासाठी साठवण-पदात (दाब वाढल्यावर किती पाणी साठते, हे सांगणारे पद) बियो गुणांकाचा (छिद्रांतील दाबाचा किती भाग सांगाड्यावर परिणाम करतो, तो आकडा) वर्ग भागिले सांगाड्याचा बल्क मॉड्युलस एवढी भर घालावी आणि तिची भरपाई उजव्या बाजूला मागच्या फेरीच्या दाबाने करावी. ही पद्धत स्थिर का राहते, हे किम, चेलेपी आणि हुआनेस यांनी 2011 साली दाखवले आहे. मला कोडमध्ये मोजक्याच ओळी बदलाव्या लागल्या.

तयार सॉफ्टवेअरमधले कपलिंगचे बटण पहिल्या वर्षी दाबूच नये, असे माझे ठाम मत आहे. आणि रंगीत आलेख पाहण्याआधी पडताळणी मागणारा गाइड मिळाला, तर त्याला सोडू नये. टेर्झागीचा स्तंभ (माती एकाच दिशेने खचण्याचे प्रसिद्ध उदाहरण) जुळला म्हणून समाधान मानू नका, कारण स्थिर भाराखाली तिथे दाबाचे समीकरण एकटेच सुटते. मँडेलचे 1953 चे उदाहरण (दोन कडक पाट्यांमध्ये दाबलेली, बाजूंनी निचरणारी माती) सोडवा: त्यात मध्यभागीचा दाब आधी चढतो व मग उतरतो, आणि हा चढ खऱ्या कपलिंगशिवाय येत नाही.

गावी भारनियमनात काम करणाऱ्यांनी दोन्ही कोडची स्थिती एकाच स्टेपच्या शेवटी, एकाच फाइलमध्ये साठवावी. वीज गेल्यावर माझ्याकडे दाब एका स्टेपचा आणि विरूपण त्याआधीच्या स्टेपचे उरले होते, आणि तिथून पुढे काढलेले सगळे आकडे मला टाकून द्यावे लागले.