कोर्टाची तारीख लागलीय? आधी परतीचा ड्रायव्हर ठरवा

इंग्लंड-वेल्समध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याचा चार्ज लागला असेल, तर पहिलं काम वकील शोधणं. दुसरं, जे कुणालाच सुचत नाही: कोर्टातून परतताना गाडी कोण चालवणार? शिक्षा सुनावली की बंदी त्याच क्षणी लागू होते, दुसऱ्या दिवसापासून नव्हे. मामेभावासोबत मी गेलो होतो, तेही त्याच्याच गाडीतून. बाहेर आलो तर त्याला चालवायची मनाई आणि माझं नाव त्याच्या इन्शुरन्सवर नाही. गाडी पार्किंगमध्ये, तिकिटाची वेळ संपत आलेली, आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत उभे. 'कोपऱ्यापर्यंत नेऊन लावतो' हा विचारही नको. बंदी असताना गाडी चालवणं हा वेगळा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. ट्रेनने जा.

आता वकील. पोलीस स्टेशनवर सल्ला फुकट मिळतो, मागायला लाजू नका. पण 'वकील येऊ दे, मग फुंकतो' म्हणालात तर श्वासाचा नमुना नाकारल्याचा गुन्हा अंगावर येतो, आणि त्याची शिक्षा काही हलकी नाही. चार्ज लागल्यावर वाहतुकीच्याच केसेस करणारा सॉलिसिटर गाठा. घरखरेदीची कागदपत्रं करून दिलेला ओळखीचा नको. फी एकरकमी आहे का आणि कोर्टात तो स्वतः उभा राहणार का, हे आधी विचारा.

त्याच्याकडे जाताना चार्जशीट आणि श्वास तपासणाऱ्या मशीनची छापील पट्टी न्या. पट्टीवर दोन आकडे असतात, त्यातला कमी धरतात. मर्यादा 100 मिलिलिटर श्वासाला 35 मायक्रोग्रॅम (स्कॉटलंडमध्ये 22). बंदी किमान 12 महिने, दहा वर्षांत दुसऱ्यांदा असेल तर किमान तीन वर्षं. आकडा 120 च्या वर असेल तर तुरुंगाची गोष्ट निघतेच. किती प्यायलात, कधी प्यायलात, सगळं लिहून न्या. वकिलाशी खोटं बोलून काय मिळणार?

'नोकरी जाईल, मुलांना शाळेत कोण सोडेल' यावर भिस्त ठेवू नका. ते रडगाणं लायसनवर दंडाचे पॉइंट साठून बंदी येते तेव्हा चालतं, इथे नाही. पगाराच्या स्लिपा मात्र घ्या, दंड उत्पन्नावर ठरतो. पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला तर दंडात एक तृतीयांश सूट, बंदीत नाही.

पुनर्वसन कोर्सबद्दल विचारलं की 'हो' म्हणा. नाही विचारलं तर वकिलाला उठून विचारायला लावा. तो वेळेत पूर्ण केला तर बंदी पाव हिश्शापर्यंत कमी होते, म्हणजे 12 महिन्यांचे 9. हा मुद्दा त्या दिवशीच निकालात काढायचा असतो.

आणि पुन्हा विचारतो, ड्रायव्हर ठरला? इन्शुरन्सवर नाव असलेला? मित्र येतो म्हणाला एवढ्यावर विसंबू नका, पॉलिसी उघडून बघा.

बाकी: साधे नीट कपडे, लायसन, अर्धा तास आधी पोहोचा. व्हिसावर असाल तर वकिलाला पहिल्याच फोनवर सांगा. आकडा 87.5 किंवा वर असेल तर लायसन परत मिळण्याआधी डीव्हीएलएची (लायसन देणारी सरकारी संस्था) वैद्यकीय तपासणी. लायसनवरची डीआर 10 नोंद (दारू पिऊन गाडी चालवल्याचा कोड) 11 वर्षं राहते, इन्शुरन्स महागणार.