प्रभागातील तरुणांची सुरक्षितता : सुरुवात संध्याकाळच्या फेरीपासून

तरुणांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की महापालिकेत प्रथम कॅमेऱ्यांची चर्चा सुरू होते. कॅमेरे निरुपयोगी आहेत असे नाही. परंतु त्यांचा उपयोग बहुधा घटना घडून गेल्यावर होतो आणि क्षेत्रीय कार्यालयाचे, म्हणजे महापालिकेच्या स्थानिक कार्यालयाचे, खरे काम त्याआधीचे असते. जून २०२३ मध्ये पुण्याच्या सदाशिव पेठेत भरदिवसा एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला, तेव्हा तिला वाचवायला धावले ते स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तरुणच. अशा तरुणांना योजना आखतानाच सोबत घ्यावे.

पहिले पाऊल म्हणजे प्रभागाची पाहणी, आणि ती संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत, क्लास सुटताना करावी. दुपारी बाराच्या बैठकीला प्रामुख्याने निवृत्त नागरिक येतात. त्यांचे म्हणणे मोलाचे असले तरी रात्री साडेनऊला पीएमपीच्या (शहर बससेवेच्या) थांब्यावर ते उभे नसतात. चौदा ते बावीस वयोगटातील दहा-बारा जण घ्यावेत, त्यांत निम्म्या मुली असाव्यात, आणि विद्युत, पथ व उद्यान या तिन्ही विभागांचे कनिष्ठ अभियंते किंवा निरीक्षक प्रत्यक्ष सोबत चालावेत. तिन्ही विभाग एकत्र हवेत, कारण अनेकदा दिवा चालू असतो पण फांद्यांनी झाकलेला असतो. मग विद्युत विभागाकडे केलेली तक्रार निकाली निघते आणि रस्ता अंधारातच राहतो. 'गल्लीत अंधार आहे' एवढे लिहून भागत नाही. खांबाचा क्रमांक, संबंधित विभाग आणि कामाची मुदत तिथेच नोंदवावी. कुलूप लावलेली स्वच्छतागृहे आणि पदपथ अडवणारी वाहनेही याच यादीत येतात.

फेरीत एखादे अल्पवयीन मूल स्वतःवरील लैंगिक अत्याचाराबद्दल बोलले, तर ती बाब बैठकीच्या इतिवृत्तात लिहू नये. मुलांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा, २०१२ नुसार अशी माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलाला आधार आणि मदत मिळवून देण्यासाठी १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे.

यादी तयार झाली की पैशांचा प्रश्न येतो. पुणे महापालिकेने २००६-०७ च्या सुमारास नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवण्यास सुरुवात केली, हा मार्ग आपल्याकडे तयारच आहे. मात्र जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते आणि सोळा वर्षांच्या मुलीपर्यंत ती पोहोचत नाही. म्हणून अर्जांची मुदत सुरू होताच महाविद्यालये, अभ्यासिका आणि वसतिगृहांत अर्ज भरून घेण्याची सोय करावी. अमेरिकेतील बोस्टन शहराने २०१४ मध्ये याही पुढे जाऊन दहा लाख डॉलर कशावर खर्च करायचे याचा कौल १२ ते २५ वयोगटातील मुलामुलींकडून घेतला. आपल्याकडे एखाद्या प्रभागापुरती छोटी रक्कम राखून असा प्रयोग करून पाहता येईल.

कोपऱ्यावरच्या कट्ट्याचा प्रश्न नाजूक आहे. कोयता घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळ्यांत अल्पवयीन मुले सापडू लागल्यापासून, चार पोरे उभी दिसली की त्यांना हाकलणे हाच उपाय मानला जातो. हाकललेली पोरे पुढच्या गल्लीत जातात, इतकेच. त्याऐवजी कुलूपबंद समाजमंदिर संध्याकाळी तीन तास उघडावे, व्यायामशाळेची वेळ वाढवावी आणि किल्लीची जबाबदारी त्यांच्यातल्याच दोघा-तिघांवर सोपवावी. गणेशोत्सव मंडळांची मदत अवश्य घ्यावी, कारण वर्गणीपासून बंदोबस्तापर्यंतचा कारभार पुण्यातील अनेक तरुण तिथेच शिकतात. परंतु अनेक मंडळांत मुलींना निर्णयात वाटा नसतो, त्यामुळे केवळ मंडळांवर विसंबू नये.

तीन महिन्यांनी त्याच मार्गावर, त्याच गटासह पुन्हा फेरी काढावी. झालेल्या कामांपुढे खूण आणि न झालेल्या कामांपुढे कारण, अधिकाऱ्याच्या सहीसह लिहून, तो कागद क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावावा.